कच्चं मांस सुरू केलं आणि कुत्र्याचे जुलाब थांबेनात? आधी वार बघा

तक्रार साधारण अशी असते. कुत्र्याला कच्च्या मांसावर आणलं. सुरुवातीला शी पातळ झाली, मग सुधारली, घरच्यांना हायसं वाटलं. आठवड्याभरात पुन्हा पातळ. दोन दिवस दहीभात दिला, थांबलं. मांस परत सुरू केलं, परत तेच. असं महिनोन्‌महिने चालतं, कुत्र्याच्या बरगड्या दिसायला लागतात आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, हे मांसाचं खूळ बंद करा. दुसरा म्हणतो, अंगातली घाण बाहेर पडतेय, पडू दे.

हे घाण बाहेर पडण्याचं सांगणं आधी डोक्यातून काढून टाका. जुलाब म्हणजे आतडं पाणी शोषून घेत नाहीये किंवा न पचलेलं अन्न आतड्यात पाणी ओढतंय. नवीन खाण्याची सवय होताना एक-दोन दिवस शी मऊ होणं समजून घेता येतं. तिसऱ्या दिवसाच्या पुढे गेलेले किंवा थांबून थांबून येणारे जुलाब ही तक्रार आहे, तिला कारण असतं आणि शोधलं तर ते बहुतेक वेळा घरातच सापडतं.

कोल्हापुरातल्या कुत्री पाळणाऱ्या घरांतून ही तक्रार मी सतत ऐकत आले आहे. त्यावरून माझं मत पक्कं झालंय की आपल्याकडे घोटाळा वाटीत रोज वेगळं पडण्यात असतो. एक दिवस मांस, एक दिवस दूधभाकरी, एक दिवस रश्शातली हाडं. मांस कच्चं की शिजवलेलं हा प्रश्न त्यानंतरचा.

पुढचं वाचण्याआधी कुत्र्याकडे बघा

शीत रक्त पडतंय, शी डांबरासारखी काळी आहे, जुलाबाबरोबर उलट्या होतायत, पाणी पोटात ठरत नाही, हिरड्या पांढुरक्या पडल्यात, कुत्रं कोपऱ्यात पडून आहे, किंवा जोर करतंय पण काहीच होत नाही: यातलं एकही दिसत असेल तर घरचा इलाज करायचा नाही. तसंच पुढचे पाय जमिनीवर टेकून मागचा भाग वर ठेवून कुत्रं वारंवार ताणून बसत असेल तर पोटात जोराचं दुखतंय. चरबीचं खाणं जास्त झाल्यावर स्वादुपिंडाला सूज येते, तेव्हा असं दिसतं. लगेच डॉक्टरांकडे न्या. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला रक्ताचे जुलाब लागले तर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची शंका घेऊन त्याच तासाला निघा, रात्र काढू नका. पिल्लाच्या अंगातलं पाणी फार पटकन संपतं.

माणसांचं जुलाब थांबवायचं औषध, पेनकिलर, घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या यांतलं काहीही देऊ नका. पुढे त्यावर आणखी लिहिलंय.

वहीत वार लिहा

एक वही घ्या. रोज तीन गोष्टी लिहा: वार, वाटीत काय काय पडलं (घरच्या प्रत्येकानं दिलेलं धरून), आणि शी कशी झाली. दोन-तीन आठवड्यांत चित्र दिसायला लागतं.

वाचताना एक लक्षात ठेवा. खाल्लेलं कुत्र्याच्या पोटातून बाहेर पडायला साधारण एक दिवस लागतो, कधी थोडा जास्त. म्हणजे आज सकाळची शी ही कालच्या, क्वचित परवाच्या वाटीची असते. इथंच सगळ्यांचा अंदाज चुकतो. सोमवारी सकाळी शी पातळ झाली की रविवारी रात्री दिलेल्या कच्च्या चिकनवर ठपका येतो. पण रविवारी दुपारी काय झालं ते कुणी सांगत नाही. कोल्हापुरात रविवारी दुपारी काय होतं हे वेगळं सांगायला नको. ताटं होतात, तांबडा रस्सा होतो, आणि ताटाशेजारी लाळ गाळत बसलेल्या जनावराला नळी, चरबीचा तुकडा, रश्शात बुडवलेला भाकरीचा कुटका जातोच. "एवढ्याशा तुकड्यानं काय हुतंय?"

पुष्कळ होतं. रश्शातलं हाड शिजलेलं असतं. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन त्याचे टोकदार तुकडे पडतात आणि ते घशापासून आतड्यापर्यंत कुठेही रुततात. नळीसारखं कठीण हाड चावताना मागची मोठी दाढ उभी चिरते. तिखट आणि तेलाच्या तवंगानं आतडं खवळतं. आणि कांदा-लसूण मसाला तर कुत्र्यासाठी विषच आहे: कांदा आणि लसूण, कच्चा असो, शिजलेला असो की सुकवून दळलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, तोवर रविवार कुणाच्या लक्षात राहिलेला नसतो. घरच्या वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावं लागतं आणि प्रेमानंच सांगावं लागतं, कारण ते प्रेमापोटीच देत असतात. आज्जीच्या हातात कुत्र्यासाठी त्याच्याच वाटणीतला एखादा उकडलेला, बिनमिठाचा, बिनहाडाचा तुकडा ठेवून बघा. तिचाही जीव शांत होतो आणि कुत्र्याचं पोटही.

दुसरी गोष्ट न खाण्याच्या वारांची. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. जोतिबाचा रविवार पाळणारी घरंही आपल्याकडे आहेत. त्या दिवशी घरात मांस येत नाही, फ्रीजमधलं बाहेर काढायलाही मनाई असते. मग कुत्र्याला दूधभाकरी. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दुधातली साखर पचवता येत नाही. ती न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते, तिथे आंबते, गॅस होतो आणि दुसऱ्या दिवशी पातळ शी. म्हशीचं दूध असेल तर वरून साईची चरबी. गंगावेशीतलं धारोष्ण दूध माणसांसाठी कितीही नामी असलं तरी कुत्र्याच्या पोटाला ते झेपेल असं नाही. गुरुवारी दूध दिलं, शुक्रवारी कच्चं मांस दिलं, शुक्रवारी सकाळीच जुलाब झाले, आणि नाव मांसाचं झालं.

त्याखेरीज आतड्यातले जिवाणू आणि पाचकरस खाण्यानुसार जुळवून घेतात आणि त्याला दिवस लागतात. आज नुसतं मांस आणि चरबी, उद्या नुसती भाकरी, परवा परत मांस असं केलं तर त्यांना जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही.

हाच प्रकार वर्षाच्या पातळीवरही होतो. आखाडात घरोघरी मटण, कुत्र्याचीही चंगळ. मग श्रावण लागला की एका दिवसात सगळं बंद. गणपती गेले की परत जोरात. नवरात्रात पुन्हा बंद, मार्गशीर्षातले गुरुवार आहेतच. ज्यांच्या कुत्र्याचं पोट श्रावणाच्या तोंडावर आणि गणपतीनंतर बिघडतं, त्यांनी डॉक्टरांकडच्या जुन्या चिठ्ठ्यांवरच्या तारखा काढून बघाव्यात.

यावर उपाय एकच आहे, वाटी रोज सारखी ठेवणं. ज्या घरात वार कडक पाळतात पण कुत्र्यापुरती सूट मिळते, तिथे मागच्या गॅलरीत किंवा गच्चीवर कुत्र्याचा छोटा वेगळा फ्रीज, वेगळी सुरी, वेगळी भांडी अशी सोय करणारी घरं मी बघितली आहेत. ते चांगलं जमतं आणि स्वच्छतेच्या दृष्टीनंही उत्तम. सूट मिळत नसेल तर भांडू नका. मग कच्च्या मांसाचा नाद सोडा आणि वर्षभर एकाच चांगल्या तयार खाद्यावर कुत्र्याला ठेवा. आठवड्यातले चार दिवस कच्चं मांस आणि तीन दिवस दूधभाकरी ही पद्धत मात्र सगळ्यात वाईट.

"मामा, कुत्र्यासाठी द्या की अर्धा किलो"

वार सुटला तरी जुलाब सुटत नसतील तर चिकनच्या दुकानात जाऊन उभे राहा आणि बघा. कुत्र्यासाठी म्हटलं की दुकानदाराचा हात खालच्या बादलीकडे जातो. त्यात सकाळपासूनचं साठलेलं असतं: माना, पाय, कातडी, आतडी, चरबीचे गोळे, कलेजी-पेट्याचे तुकडे. बादली बर्फात नसते. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी बारा वाजता त्या बादलीत काय वाढत असेल याचा विचार करा. पाच अंशांच्या वर आणि साठ अंशांच्या खाली जंतू वाढत राहतात, आणि आपल्याकडची दुपार त्यांना अगदी मानवते.

माझ्या मते या बादलीतला जंतूंइतकाच मोठा दोष म्हणजे तिच्यात रोज वेगळं मिश्रण असतं. एक दिवस नुसत्या माना आणि पाय आले तर वाटी हाडांनी भरली. दुसऱ्या दिवशी कातडी आणि चरबी आली. तिसऱ्या दिवशी कलेजी जास्त पडली. तुम्ही म्हणता रोज अर्धा किलो कच्चं चिकन देतोय, पण कुत्रं रोज वेगळं खाणं खातंय.

थोडे पैसे जास्त मोजा आणि सांगून घ्या: समोर कापून, कातडी काढून, बिनहाडाचं वेगळं, माना वेगळ्या, कलेजी वेगळ्या पिशवीत. सकाळी लवकर जा. घरी येईपर्यंत वेळ लागणार असेल तर पिशवीत बर्फ ठेवा. आठवड्याचं एकदम आणून रोजच्या वाटण्या करून गोठवणं सगळ्यात सोयीचं पडतं.

मटणाचा विचार करणाऱ्यांना सांगते, मटणाच्या दरावरून २०१९ साली आंदोलन झालेल्या या गावात कुत्र्याला रोज बोकडाचं मटण घालणं बहुतेकांना परवडणार नाही, आणि गरजही नाही. बकऱ्याची वजडी, फुप्फुस, कलेजी, तिल्ली स्वस्त मिळते म्हणून कच्ची घालतात, ते मात्र टाळा. कारण पुढे येईल.

शी काय सांगते

आता वाटी सारखी झाली, मांस ताजं झालं. तरीही गडबड असेल तर शीकडे नीट बघायचं. किळस करू नका, डॉक्टरही हेच पहिलं विचारतात.

पांढरट, कोरडी, बोटानं दाबली तर खडूसारखी भुगा होणारी शी आणि करताना जोर लागतोय: हाड जास्त झालंय. कोंबडीच्या मानेत वजनाच्या साधारण एक तृतीयांशाहून थोडं जास्त हाड असतं, पायांत निम्म्याहूनही जास्त. नुसत्या मानांवर ठेवलेलं कुत्रं हमखास कुंथतं. अशा वेळी लोक घाबरून हाड पूर्ण बंद करतात, मग शी पातळ होते, मग परत माना. हा झोकाही पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीचं एक मोठं कारण आहे. हाड निम्म्यावर आणा, शून्यावर नको.

तेलकट, पिवळट, घाण वासाची, ढीगभर शी: चरबी जास्त. कातडी आणि पोटातली चरबी काढा. गर्द तपकिरी ते काळपट आणि सैल, पण कुत्रं एकदम खुशीत: कलेजी किंवा इतर अवयव जास्त. कलेजी कुत्र्यांना फार आवडते म्हणून वाटीभर दिली जाते, ती औषधासारखी मोजून द्यायची गोष्ट आहे. जास्त दिवस जास्त कलेजी गेली तर अ जीवनसत्त्वही अंगात नको तितकं साठतं. शीवर शेंबडासारखा चिकट थर, दिवसातून अनेकदा थोडी थोडी होतेय: मोठं आतडं खवळलंय, आणि इथे जंताचा किंवा जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा संशय घ्यायचा. पहाटे पिवळा फेस ओकतोय पण बाकी ठीक आहे: पोट फार वेळ रिकामं राहतंय, तेच खाणं दोन वेळांत वाटून रात्री उशिरा थोडं द्या.

कच्चं मांस घालणाऱ्यांत रूढ असलेलं प्रमाणाचं गणित असं: ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाड, पाच टक्के कलेजी, पाच टक्के दुसरा अवयव, म्हणजे गुर्दा किंवा तिल्ली. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला दिवसाला वजनाच्या दोन ते तीन टक्के खाणं. २० किलोच्या कुत्र्याला धरा ५०० ग्रॅम. त्यात कलेजी २५ ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या एका कलेजीच्या आसपास. हाड ५० ग्रॅम हवं म्हणजे माना सुमारे १४० ग्रॅम. तराजू वापरा. अंदाजानं घातलेली वाटी हळूहळू मोठी होत जाते हे मी सगळीकडे बघते.

ज्यांना हाड द्यायची भीती वाटते त्यांनी देऊ नये, पण मग कॅल्शियम वेगळं द्यावंच लागेल. नुसत्या बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. कुत्र्याला ते निदान बरोबरीनं लागतं. तसं मिळालं नाही की शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढतं, पिल्लांचे पाय वाकतात, हाडं मोडतात. उकळून, वाळवून, पीठासारखं बारीक दळलेलं अंड्याचं कवच अर्धा किलो बिनहाडाच्या मांसाला अर्धा छोटा चमचा, इतकं पुरतं. हाड दिलंत तर कवच नको. दोन्ही एकत्र झालं तर परत खडू.

एक धोका आणखी. जुलाबाच्या भीतीनं कातडी काढलेलं नुसतं चिकन महिनोन्‌महिने दिलं तर त्यात ऊर्जा कमी पडते. ५०० ग्रॅम देऊनही २० किलोचं कुत्रं वाळतं. पोट स्थिर झाल्यावर थोडी थोडी कातडी परत आणा आणि दर आठवड्याला वजन करा. आणि नुसत्या चिकनवर आयुष्य काढता येत नाही: जस्त, आयोडीन, ई आणि ड जीवनसत्त्व यांची तूट राहते. पोषणाची माहिती असलेल्या पशुवैद्यकाकडून एकदा पूर्ण आहार लिहून घ्या. लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन यांच्या वाढत्या पिल्लांवर तर हा प्रयोग घरी करूच नये, त्यांना कॅल्शियम कमी पडलं तरी बाधतं आणि जास्त झालं तरी.

पावसाळा आणि फ्रीजर

जून ते सप्टेंबर तक्रारी वाढतात. पावसात लाईट जाते, चार-पाच तास येत नाही, फ्रीजरमधलं मांस सुटतं आणि लाईट आली की पुन्हा गोठतं. वरून कळत नाही. एक साधी युक्ती: फ्रीजरमध्ये एका वाटीत बर्फ करून त्यावर नाणं ठेवा. नाणं बर्फात बुडालेलं दिसलं तर मांस सुटून परत गोठलंय, ते कुत्र्याला देऊ नका. गोठलेलं मांस ओट्यावर ठेवून सोडवू नका, आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. कुत्र्यानं अर्ध्या तासात संपवलं नाही तर वाटी उचला. चिकन बेसिनमध्ये नळाखाली धुऊ नका, शिंतोडे सगळ्या भांड्यांवर उडतात.

पहिल्यापासून कसं सुरू करायचं

मोठ्या, एरवी धडधाकट कुत्र्याला एक वेळ उपाशी ठेवलं तर चालतं. पिल्लाला आणि छोट्या जातीच्या कुत्र्याला उपाशी ठेवू नका. पाणी सतत समोर, डॉक्टरांना विचारून थोडं थोडं ओआरएस. मग बिनकातडीचं, बिनमिठाचं उकडलेलं चिकन आणि मऊ भात, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. वाटल्यास उकडलेल्या लाल भोपळ्याचा एक चमचा. दूध नाही. शी बांधून झाली तरी लगेच मांसावर उडी मारू नका, आणखी तीन-चार दिवस हेच चालू ठेवा.

त्यानंतर भात हळूहळू कमी आणि उकडलेलं चिकन जास्त. मग तेच चिकन अर्धवट शिजवलेलं. मग वाटीचा एक दशांश कच्चं, बाकी शिजवलेलं. शी चांगली राहिली तर दोन दिवसांनी एक पंचमांश. अशा बेतानं पूर्ण कच्च्यावर यायला दोन ते तीन आठवडे लागू द्या. या काळात एकच मांस: चिकन तर चिकनच. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर निदान दोन दिवस थांबायचं. हाड सगळ्यात शेवटी. कलेजी त्याहून शेवटी, नखाएवढ्या तुकड्यापासून. अंडं, दही, मासा, नवीन मांस यांतलं काही या काळात नाही. कुठल्या पायरीवर बिघडलं तर मागच्या पायरीवर जा, पार दहीभातापर्यंत मागे जाऊ नका.

मासा द्यायचाच असेल तर काटे काढून शिजवलेला. गोड्या पाण्यातल्या काही कच्च्या माशांत बी१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, शिजवल्यावर तो निकामी होतो.

अर्धवट शिजवलेल्या पायरीवर पोट उत्तम राहतंय आणि कच्च्यावर गेलं की बिघडतंय असं दोनदा झालं, तर शिजवलेल्यावरच थांबा. याबद्दल मनात काही खंत ठेवू नका. कच्च्याचे जे फायदे सांगितले जातात, तुकतुकीत केस, छोटी शी, कमी वास, त्यातले बरेचसे चांगलं मांस आणि कमी पिठूळ खाणं यामुळे असतात. अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशननं २०१२ साली कच्च्या मांसाहाराविरुद्ध धोरण स्वीकारलं, ते साल्मोनेलासारख्या जंतूंमुळे. कुत्रं स्वतः आजारी न पडता हे जंतू शीतून बाहेर टाकत राहतं. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा केमोथेरपी घेणारं कुणी असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: कच्चं मांस घरात आणू नका. आणि रंकाळ्यावर फिरवायला नेता तेव्हा शी उचला, तिथे लहान मुलं खेळतात.

मेलबर्न विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०१८ साली आणखी एक गोष्ट दाखवली. कच्चं चिकन, खासकरून माना खाणाऱ्या कुत्र्यांत पाय लुळे पडण्याच्या एका मज्जातंतूंच्या आजाराचा धोका जास्त आढळला. कॅम्पिलोबॅक्टर या जंतूशी त्याचा संबंध आहे. जुलाबानंतर काही दिवसांनी मागचे पाय लटपटायला लागले, भुंकण्याचा आवाज बदलला, तर पाय मुरगळला असेल म्हणून वाट बघू नका.

तरीही परत आलं तर

वाटी सारखी, मांस ताजं, प्रमाण मोजलेलं, चढण सावकाश, आणि तरीही जुलाब परत येतात. आता खाण्यात फेरफार थांबवा आणि तपासणी करा.

पहिला संशय जंत आणि जिआर्डिया. जिआर्डिया साठलेल्या पाण्यातून येतो, पावसाळ्यात जास्त, आणि त्याचं वागणं नेमकं थांबून थांबून जुलाब असंच असतं. नेहमीच्या जंताच्या एका गोळीनं तो जाईलच असं नाही, सलग काही दिवसांचं औषध लागतं. तो प्रत्येक शीत सापडत नाही, म्हणून एकाच तपासणीवर विसंबू नका.

बकऱ्या-मेंढ्यांच्या कच्च्या कलेजी-फुप्फुसाबद्दल वर थांबले होते, ते हे. त्या अवयवांत पाण्यानं भरलेल्या गाठी असू शकतात. त्या कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढतो. कुत्र्याला फारसा त्रास होत नाही. पण त्याची अंडी कुत्र्याच्या शीतून, केसांवरून माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तशाच गाठी वाढतात, आणि त्या काढायला बऱ्याचदा ऑपरेशन करावं लागतं. म्हणून बकऱ्याचे अवयव नेहमी पूर्ण उकळून द्या आणि जंताच्या औषधात पट्टकृमीवरचं प्राझिक्वान्टेल आहे का हे डॉक्टरांना विचारा.

जर्मन शेफर्ड असेल, अधाशासारखं खातोय तरी वाळतोय आणि शी तेलकट, ढीगभर होतेय, तर स्वादुपिंड पाचकरसच पुरेसा बनवत नाहीये का याची रक्ततपासणी होते. या जातीत हा आजार जास्त आढळतो आणि पाचकद्रव्यांची पूड आयुष्यभर खाण्यात मिसळली की असं कुत्रं चांगलं जगतं. काही कुत्र्यांना चिकनचीच ॲलर्जी असते. जुलाबाबरोबर कान वारंवार खाजत असतील, पंजे चाटून लाल झाले असतील तर तो धागा डॉक्टरांना सांगा.

दरवेळी मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक आणून दोन दिवस द्यायचं हे कृपा करून थांबवा. शी दोन दिवस बांधली जाते, पण आतड्यातले उपयोगी जिवाणूही मरतात आणि पुढच्या वेळी पोट आणखी लवकर बिघडतं.

डॉक्टरांकडे जाताना तीन वेगवेगळ्या दिवसांच्या शीचे नमुने न्या, झाकणाच्या स्वच्छ डबीत, माती न लागलेले, प्रत्येक डबीवर तारीख. त्या दिवशीचा ताजा नमुना लगेच द्या, आधीचे कुत्र्याच्या वेगळ्या फ्रीजमध्ये नाहीतर बर्फाच्या डब्यात ठेवा, गोठवू नका. जंताचं औषध शेवटचं कधी आणि कुठलं दिलं ते लिहून न्या. आणि वारांची वही बरोबर घ्या, रविवारच्या पानासकट.